भिंतीवरची कंट्रोल रूम

स्नेहलचं लग्न ठरल्याचा फोन तुमसरहून आला, त्याच संध्याकाळी अंजनाबाईंनी नवऱ्याला बजावलं.

"अजी, ऐका. ह्या वेळी मी हळदीले जाणार. मुक्कामाले जाणार. सकाळी जाऊन रात्री परत, हे आता मले जमत नाही."

स्नेहल म्हणजे त्यांच्या भावाची धाकटी मुलगी. अंजनाबाईंच्या माहेरी नवरीला पहिली हळद आत्या लावते. पण थोरल्या दोघी भाच्यांना ती शेजारणीने लावली होती, कारण आत्या भिलाईत क्वार्टर राखत बसली होती.

क्वार्टर राखावं लागे ते शामरावांमुळे. शामराव लांजेवार भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवून निवृत्त झाले आणि सेक्टर 2 मधलं क्वार्टर त्यांनी लीजवर घेतलं. त्या दिवसापासून त्यांची खात्री होती, की दाराला कुलूप दिसलं की चोर येतो. आता घरात चोरण्यासारखं काय होतं? एक टीव्ही, एक कूलर, अंजनाबाईंच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी, आणि विनाअपघात नोकरीबद्दल शामरावांना मिळालेली लाकडी ढाल. चोर येईल तो ढालीसाठीच, असं शामरावांना मनापासून वाटे.

पण या वेळी ते एकदम नाही म्हणाले नाहीत. "जाऊ ना. दोघंही जाऊ. पण पहिले बंदोबस्त."

दुसऱ्या दिवशी ते पावर हाउस भागातल्या बाजारात गेले आणि बंदोबस्त घेऊन आले. एक कॅमेरा बैठकीसाठी. एक कुलूप, जे चावीने नाही, मोबाईलने उघडतं. एक दिवा, जो तुमसरला बसून भिलाईत लावता येतो, म्हणजे चोराला वाटावं घरात माणूस आहे. दुकानातला सोनू सगळं बसवायला आला. भिंतीला भोकं पाडून झाल्यावर तो म्हणाला, "अंकल, अभी नाम 'अॅडमिन' है, पासवर्ड एक-दो-तीन-चार-पाँच. बदल लेना."

"बदलायचं कावून?" शामरावांनी विचारलं. "कंपनीनंच दिला ना?"

"कंपनी तो सबको यही देती है, अंकल."

"मग बरोबर आहे."

सोनूला पुढचं घर होतं. तो गेला.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण शामराव काही मूर्ख नव्हते. प्लांटमध्ये एक कायदा असतो. मशीनची जी सेटिंग वरून करून आलेली असते तिला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर आधी लेखी परमिट घ्यायचं. या कायद्याने पुष्कळ हात-पाय वाचतात. शामरावांनी तो जन्मभर पाळला होता आणि निवृत्त झाल्यावरही सोडला नव्हता. नवा मिक्सर आला तेव्हा त्याच्या भांड्यावरचा कागद त्यांनी अंजनाबाईंना काढू दिला नव्हता.

त्यांची नात नूतन आजी-आजोबांकडेच राहून दुर्गच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. मुलीची मुलगी, जिभेला धार. तिने कॅमेरा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आबाजी, हा पासवर्ड दुनियाभर सगळ्यांना माहीत आहे."

"चांगलं आहे ना मग. विसरलो तं कोणालेही विचारता येते."

"अहो, कॅमेरा म्हणजे भिंतीला पाडलेली खिडकी आहे. तुम्ही तिच्यातून बाहेर पाहता, तसा बाहेरचाही आत पाहू शकतो. अन् ही खिडकी गल्लीत नाही उघडत, पूरी दुनिया में उघडते. पासवर्ड म्हणजे तिची कडी. तुम्ही खिडकी बसवली अन् कडी लावलीच नाही."

"कडी कंपनीनं लावून दिली आहे."

"अन् हे काय? मोबाईलवर अपडेट मागून राहिला तो रोज."

"मागू दे. चालत्या मशीनले हात लावू नये." मग त्यांनी अभिमानाने सांगितलं, की कुलूप, दिवा आणि घरातलं वाय-फाय यांनाही त्यांनी तोच पासवर्ड ठेवला आहे. "एकच असला का गडबड होत नाही."

नूतनने पुन्हा एकदा कपाळाला हात लावला आणि अभ्यासाला गेली.

चार-सहा दिवस कॅमेरा गुमान राहिला. एका दुपारी शामराव जेवून बैठकीत लवंडले होते. शेजारचे केवलराम पेपर वाचायला आले होते. केवलराम रेल्वेच्या दुर्ग लाईनवर गार्ड होते, आता निवृत्त, आणि पेपर स्वतः विकत घ्यायचा नाही या मताचे. अंजनाबाई दारात बसून गहू निवडत होत्या. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला.

"हॅलो? हॅलो, कौन है घर में?"

शामराव ताडकन उठून उभे राहिले.

क्रेनच्या केबिनमध्ये माणूस उंचावर एकटा असतो. खालून खुणा येतात आणि भोंग्यातून आवाज येतो. आवाज कोणाचा, हे कोणी विचारत नाही. भोंगा म्हणाला उचल, तर उचलायचं. शामरावांच्या कानाला तीच सवय होती. डब्यातून आलेला आवाज म्हणजे वरचा आवाज.

"जी, शामराव लांजेवार," ते कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले. "सेक्टर दो. आप कंट्रोल रूम से?"

आवाजाच्या मागे कोणीतरी खिदळल्यासारखं वाटलं. मग आवाज म्हणाला, "हाँ. हाँ जी. कंट्रोल रूम से."

म्हणजे हुद्दाही शामरावांनीच दिला. समोरच्याने नुसता घेतला.

"पाहिली का सर्व्हिस?" ते केवलरामांना म्हणाले. "घरबसल्या विचारपूस!"

"कंट्रोल म्हणजे कंट्रोल असते, भाऊ," केवलराम पेपर खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले. "आमच्या रेल्वेत तं कंट्रोलनं सांगितलं का बापाचंही ऐकायचं नाही."

त्या दिवसापासून कंट्रोल रूम रोज बोलू लागली. कधी म्हणे, टेस्टिंग चालू आहे, दोन्ही हात वर करा. शामराव हात वर करत. कधी म्हणे, चेहरा नीट दिसत नाही, कॅमेऱ्याजवळ या, जीभ दाखवा. शामराव जीभ दाखवत. एकदा म्हणाली, आवाजाची तपासणी आहे, जोरात कोंबड्यासारखं ओरडा. शामराव क्षणभर थांबले. पण प्लांटमध्ये याहून विचित्र तपासण्या त्यांनी पाहिल्या होत्या. ते ओरडले. केवलरामांनाही ओरडून पाहायचं होतं, पण त्यांच्या नावाचा हुकूम नव्हता. त्यांनी घरी जाऊन बायकोला, गयाबाईंना, सांगितलं, "आपणही एक कॅमेरा घेऊ."

"कशाले?" गयाबाई म्हणाल्या. "कोंबडा व्हायले?"

अंजनाबाई हे सगळं पाहत होत्या. त्यांना ते आवडत नव्हतं, पण त्या बोलल्या नाहीत. नवरा कॅमेऱ्यावर खूश होता. खूश आहे तोवर तुमसर पक्कं होतं. बॅग भरून झाली होती. स्नेहलसाठी घेतलेली साडी त्यांनी वरच ठेवली होती, सारखी काढून पाहता यावी म्हणून.

मग एका सकाळी कंट्रोल रूमने विचारलं, "दादाजी, आप लोग कहीं बाहर जाने वाले हो क्या?"

"हाँ जी!" शामरावांनी उभ्याउभ्या सगळा अहवाल दिला. कोणत्या गाडीने जाणार, कोणत्या दिवशी परतणार, घरात कोणी नसणार, नातही सोबत येणार, कुलूप मोबाईलवरचं आहे. "एकदाणी तो पहनके जाएगी, मगर ढाल इधरही रहेगी," तेही सांगितलं. "आप ध्यान रखना."

"पूरा ध्यान रखेंगे," आवाज म्हणाला. "एक बार लॉक टेस्ट करते हैं."

आणि दाराचं कुलूप, कोणाचा हात न लागता, खट् करून उघडलं.

शामरावांनी टाळी वाजवली. अंजनाबाईंच्या हातातलं सूप मात्र तसंच राहिलं.

त्या तडक शेजारी गेल्या. नूतन गयाबाईंच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती. अंजनाबाईंनी सगळं सांगितलं. नूतनने स्वतःचा मोबाईल काढला, बोटं चालवली आणि स्क्रीन आजीसमोर धरली. त्यात त्यांचीच बैठक होती. शामराव कुलपावरून फडकं फिरवत होते.

"हे तू कसं पाहून राहिली?"

"तसंच, आजी. अॅडमिन, एक-दोन-तीन-चार-पाच. मला दिसतं तसं त्यालाही दिसतं. तो कोणी कंपनी-वंपनीचा नाही. कुठं बसला आहे कोण जाणे, फालतू का बंदा. टवाळ असेल, चोर असेल. मी आत्ता जाऊन आबाजींना सांगते."

"थांब." अंजनाबाईंनी तिचा हात धरला. "सांगितलं का काय होईल?"

नूतनला आजोबा माहीत होते. कॅमेऱ्यातून कोणीतरी परका घर पाहतो आहे, हे कळताच शामराव खाट टाकून दारात बसतील आणि त्यांच्यासोबत अंजनाबाईही. पुन्हा हळद शेजारीण लावेल. आणि नाही सांगितलं, तर तुमसरहून परत येऊन उघड्या घरात पाय ठेवायचा. अंजनाबाईंना ते घरही प्यारं होतं. त्यातली प्रत्येक खुंटी त्यांनी सांगितली तिथे ठोकलेली होती.

"पासवर्ड बदलला तं तो बाहेर जाईन ना?"

"जाईल. सगळ्यांचे बदलायचे, अन् अपडेटही टाकायचं. दहा मिनटाचं काम. पण आबाजी हात लावू देतील का?"

"माझ्या सांगण्यानं नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "पण कंट्रोल रूमनं सांगितलं तं?"

गयाबाईंनी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. नूतनने बोलण्याचं बटण उघडलं, आणि तिलाच हसू फुटलं. तिच्याने बोलवेना.

"दे इकडे," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी घसा खाकरला आणि भाजीबाजारात घासाघीस करायची हिंदी काढली. "हॅलो! लांजेवारजी! कंट्रोल रूम से बोल रही हूँ!"

मोबाईलमध्ये शामराव उभे राहिलेले दिसले. फडकं त्यांनी पाठीमागे लपवलं. केवलरामही आता तिथे पोहोचले होते. तेही उभे राहिले. "जी मॅडम. आज मॅडम आहे... हैं?"

"साहब छुट्टी पे गए. सुनो. पासवर्ड पुराना हो गया. आज के आज बदलो. तुम्हारी नातिन को आता है. उसका कहा सुनो. और घरवाली का भी सुना करो थोडा."

"जी. मगर परमिट?"

"परमिट दिया!"

शामरावांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ते मोबाईल घ्यायला वळणार, तोच भिंतीवरून दुसरा आवाज आला.

"ए, ये कौन बोल रही है? दादाजी, कुछ मत बदलना! असली कंट्रोल रूम मैं हूँ!"

"तू असली?" अंजनाबाई उसळल्या. "शरम नहीं आती, बुढे आदमी से कोंबडा बुलवाता है?"

"मॅडम, आपका आयडी बताओ!"

"थांब मुडद्या, तुले आयडी दाखवतो मी!"

शामराव एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे. पण आवाज दोन्ही एकाच भोकातून येत होते, तेव्हा पाहायला जागाच एक होती. त्यांनी केवलरामांकडे पाहिलं. केवलरामांनी असा प्रसंग साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता. "कंट्रोल अन् कंट्रोलमध्ये भांडण?" ते पुटपुटले.

"दादाजी, मैं बोल रहा हूँ, चालू रहने दो!"

"अजी, बंद करा ते!" अंजनाबाई ओरडल्या. हिंदी संपली होती.

क्रेनवर एक नियम आहे, तो इतर सगळ्या नियमांच्या वर आहे. उचल म्हणायचा अधिकार एकालाच असतो. पण थांब म्हणायचा अधिकार सगळ्यांना असतो. झाडूवाला म्हणाला थांब, तरी थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं. शामरावांच्या डोक्यात दोन कंट्रोल रूमचा निवाडा होईना, पण त्यांच्या हाताला निवाड्याची गरज नव्हती. ते सरळ मीटरपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विच पाडला.

घर शांत झालं. कूलरचं पातं हळूहळू थांबलं.

अंजनाबाई आणि नूतन आत आल्या, तेव्हा शामराव खुर्चीत बसले होते.

"ती मॅडम मले 'अजी' कावून म्हणाली?" त्यांनी विचारलं.

त्यांनी बायकोच्या हातातल्या नातीच्या मोबाईलकडे पाहिलं. मग केवलरामांकडे. केवलराम पेपरमध्ये तोंड घालून बसले, पेपर उलटा होता.

नूतनने आजोबांजवळ बसून सगळं समजावलं. ओरडली नाही, हसली नाही. कोण कसा आत आला, कुलूप कोणी उघडलं, एकच पासवर्ड चार ठिकाणी ठेवला म्हणजे एक दार उघडलं की चारही कसे उघडतात. शामराव ऐकत होते.

"म्हणजे मी त्याले गाडीचा टाइमही सांगितला," ते शेवटी म्हणाले.

"हाव."

"ढालीचंही सांगितलं."

"सांगितलं."

"मग आता जाणं नाही," शामराव म्हणाले. "घर उघडं पडलं. आता कसं जायचं?"

अंजनाबाईंना हे वाक्य येणार हे ठाऊक होतं. आजवर हे वाक्य आलं की त्या बॅग उचलून पुन्हा पलंगाखाली सारायच्या. या वेळी त्यांनी बॅग उचलली आणि दाराजवळ आणून ठेवली.

"तुमी नोका येऊ. मी चालली."

"एकटी?"

"नूतन आहे. त्या चोराले तुमी सांगितलं का आमी सगळे जाणार. आता तुमीच थांबा, त्याले खोटं पाडा."

"पण स्विच चालू करू दे," नूतन म्हणाली, "मी पासवर्ड बदलून देते ना—"

"स्विचले हात लावायचा नाही!" शामराव ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आजी आणि नात पावर हाउस स्टेशनवरून निघाल्या. गोंदियाला अंजनाबाईंनी नूतनला विचारलं, "जेवले असतील का?" आणि लगेच म्हणाल्या, "जेवतील. हात आहेत."

तुमसरला मांडव पडला होता. संध्याकाळी स्नेहल पाटावर बसली. बायका गाणी म्हणत होत्या. कोणीतरी शेजारणीला पुढे केलं, सवयीनेच. "सरा," अंजनाबाई म्हणाल्या आणि वाटीत हात बुडवला. स्नेहलच्या गालाला पहिली हळद त्यांनी लावली. जरा जास्तच लावली. दोन्ही भाच्यांची राहिलेलीही बहुतेक तिच्यातच घातली.

त्या हात पुसायला फडकं शोधत होत्या, तेव्हा मांडवाच्या दारात शामराव दिसले. घामाघूम, खांद्याला पोतडी.

"अजी! अन् घर?"

"केवलराम झोपला आहे तिकडे. दारात आडवी खाट टाकून."

"आडवी कावून?"

"कुलूप काढलं ना. दाराले भोक पडलं."

"कुलूप कावून काढलं?"

शामरावांनी पोतडी उघडून दाखवली. आत कॅमेरा होता, वायरीची गुंडाळी होती, दिवा होता, कुलूप होतं. ढालही होती. "एवढं महाग सामान," ते म्हणाले. "घरी ठेवलं अन् चोरीले गेलं तं?"

मांडवात हसण्याची लाट आली. अंजनाबाईंना हसावं की रागवावं कळेना. पण ते आले होते, एवढं खरं.

पोरांनी पोतडीला गराडा घातला. नूतनने मांडववाल्याच्या बोर्डावर कॅमेरा लावला, मोबाईल जोडला आणि पोरांना समोर बसवलं. शामरावही त्यांच्यात मांडी घालून बसले. ती सांगत होती आणि पोरं भराभरा शिकत होती. आधी नवं अपडेट. मग पासवर्ड, प्रत्येक वस्तूला वेगळा. नाव नको, जन्मतारीख नको, क्वार्टरचा नंबर नको. लांबलचक काहीतरी, जे फक्त तुम्हालाच सुचेल, असं तीन-चार शब्दांचं, एकमेकांशी संबंध नसलेलं.

"मनातल्या मनात बनवा," नूतन म्हणाली.

पोरं डोळे मिटून, ओठ हलवत बसली. शामरावांनीही डोळे मिटले. बराच वेळ ते विचार करत होते. मग मोबाईल घेऊन त्यांनी एकेक अक्षर दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. मोबाईलने मान्य केलं. त्यांचा चेहरा उजळला. ते उठले आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झाला! असा ठेवला का आता ब्रह्मदेवालेही सापडणार नाही! ऐका—"

अंजनाबाई जवळच होत्या. हात अजून पुसले नव्हते.

लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. पुढे स्नेहल, लाजरी, हळदीने माखलेली. तिच्या मागे शामराव, डोळे मोठ्ठे केलेले, आणि तोंडावर दाबलेली पाच पिवळी बोटं.